पोरगी डायपर बदलू देत नाही : कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट

लेक सव्वा वर्षाची आहे. ती चालायला लागली आणि त्याच सुमारास डायपर बदलणं हे घरातलं सगळ्यात अवघड काम होऊन बसलं. आडवं केलं की पालथी होते, पालथी झाली की उठते, आणि अर्धा डायपर लोंबत असताना मासोळीसारखी सुळकन निसटते. धरून ठेवलं तर पाठीची कमान करून किंचाळते. आंघोळीनंतर कपडे घालताना हाच प्रकार. सकाळी या एका कामाला दोन मोठी माणसं लागतात आणि संपेपर्यंत सगळेच रडकुंडीला आलेले असतात.

याच अवस्थेत अडकलेल्या आईबाबांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. जे चाललं नाही तेही लिहितोय, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

आजवर करून पाहिलेलं : पाय धरून ठेवणं, हातात खेळणं देणं, गाणं म्हणणं, भराभर उरकणं. खेळण्याची नवलाई लगेच ओसरते. भराभर उरकण्याने तर झटापट वाढते, कारण काय चाललंय हे तिला कळायच्या आत कुणीतरी तिचे पाय वर उचललेले असतात.

आज एवढंच ठरवलं, की हट्ट म्हणण्याआधी दुखतंय का ते बघायचं.

४ ऑगस्ट

खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं. मांड्यांच्या आतल्या बाजूला इलॅस्टिकचे लाल वळ आहेत आणि डायपर जिथे घासतो तिथे फिकी लाली. म्हणजे पोरीचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं.

डायपरच्या पाकिटावर वजनाचे जे आकडे असतात ते एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणजे एकाच वजनाचं मूल दोन मापांत बसू शकतं. वळ उठत असतील, चिकटपट्ट्या ओढून लावाव्या लागत असतील किंवा बाजूने सारखी गळती होत असेल, तर वरचं माप घ्यायचं. आम्ही आज घेतलं.

लालीसाठी केलेलं : ओले वाइप्स तूर्त बंद. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड. पुसताना घासायचं नाही, टिपून घ्यायचं. वर झिंक ऑक्साइडचं मलम, सढळ हाताने. दर वेळी हे मलम खरवडून पार काढायची गरज नाही. मळलेला वरचा थर पुसायचा आणि त्यावर पुन्हा लावायचं. घासून काढायला गेलं की आधीच नाजूक झालेली कातडी आणखी सोलवटते, आणि मूल पुढच्या वेळी डायपर दिसताच पळतं. पावडर अजिबात लावायची नाही. तिचे बारीक कण मुलाच्या श्वासातून आत जातात.

डॉक्टरांकडे कधी जायचं ते भिंतीवर लिहून लावलं आहे. साध्या काळजीने दोन-तीन दिवसांत लाली कमी झाली नाही तर. जांघेच्या घड्यांमध्ये भडक लाल आणि भोवती सुटे बारीक ठिपके दिसले तर, कारण ते बहुधा बुरशीचं असतं आणि त्याला वेगळं औषध लागतं. फोड किंवा पू दिसला तर. आणि शू करताना रडत असेल किंवा कारण न कळता ताप असेल तर लगेच, कारण तेव्हा मूत्रमार्गाचा संसर्ग तपासावा लागतो.

७ ऑगस्ट

लाली गेली, वळही गेले. झटापट मात्र आहेच, फक्त तिचा सूर बदलला. आधी स्पर्श झाला की कळ लागल्यासारखं किंचाळणं होतं. आता आडवं करायला घेतलं की चिडणं आहे. हा फरक कान देऊन ऐकण्यासारखा आहे. पहिलं रडणं मलमाने थांबतं, दुसऱ्यावर मलम नाही.

८ ऑगस्ट

बदलायची जागा उंचावरून जमिनीवर आणली. वळवळणारं मूल उंच टेबलावर ठेवून एका हाताने डायपर शोधणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. खाली जाड चटई, एका टोपलीत सगळं सामान, टोपली माझ्या उजव्या हाताशी. नवा डायपर आधीच उलगडून ठेवायचा. हे झाल्यावर मी तिच्याकडे बघत काम करू लागलो, तोवर नजर सामानावरच असायची.

११ ऑगस्ट

मोबाइल दाखवून पाहिला. पहिल्या दिवशी जादू वाटली. मग डायपर झाल्यावर मोबाइल काढून घेताना वेगळं रडणं सुरू झालं, म्हणजे एका भांडणाची दोन झाली. शिवाय डोळे तिथे खिळले की अंगाला काय होतंय याकडे तिचं लक्षच नसतं. पाय वर कर म्हटलेलं ऐकू येत नाही. मला तर तिचं सहकार्य हवंय, तिला गुंगवून ठेवायचं नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही एक वर्षाच्या मुलाला बसवून स्क्रीन दाखवू नये असंच आहे. बंद केलं. सवय मोडण्यातच दोन-तीन दिवस गेले.

१४ ऑगस्ट

आजची नोंद महत्त्वाची आहे.

सकाळी ती डबे आणि झाकणं घेऊन बसली होती. एक झाकण उलटं बसत होतं. ती ते उचलायची, फिरवायची, पुन्हा उलटंच ठेवायची. जीभ किंचित बाहेर, श्वास रोखलेला. माझ्या हातात नवा डायपर होता आणि सवयीने मी तिला उचलणारच होतो. थांबलो. झाकण शेवटी बसलं, तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तेव्हा मी म्हणालो, "झालं बाळा? चल, शूची चड्डी बदलू." ती आली. रडली नाही.

म्हणजे इतके दिवस आम्ही तिला डायपरसाठी उचलत नव्हतो, चालू कामातून उपटून काढत होतो. कुणी मला असं न सांगता मागून उचलून नेलं तर मीही कमान करेन.

त्यावरून दोन नियम केले. शी असेल तर लगेच बदलायचं, त्यात तडजोड नाही, कारण शीमधली पाचकद्रव्यं कातडीला फार लवकर झोंबतात. नुसतं ओलं असेल तर हातातलं काम संपेपर्यंत थांबायचं, तेवढ्याने काही बिघडत नाही. दुसरं, आधी सांगायचं, पण मिनिटांत नाही. "पाच मिनिटांनी" हे तिला कळत नाही. "हे झाकण लावलं की", "बाहुली झोपली की" हे कळतं. या वयात बोलता येतं त्याच्या कितीतरी पट जास्त समजत असतं.

आणि बदलायच्या वेळा शक्यतो खेळाच्या मधल्या फटीत बसवल्या : उठल्याउठल्या, जेवणाआधी, बाहेर निघताना. निघताना म्हणजे चपला घालायच्या आधी. चपला पायात गेल्यावर परत मागे फिरवणं तिला मान्य नसतं.

१९ ऑगस्ट

उभ्याने बदलणं सुरू केलं. तिला मुळात आडवं व्हायचं नसतं, कारण आडवं झालं की फक्त छत दिसतं आणि हातपाय दुसऱ्याच्या ताब्यात जातात. मग उभी राहू दे.

नुसत्या शूसाठी पँट डायपर उत्तम. ती सोफ्याला धरून उभी राहते. दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून जुना काढायचा, नव्यात एकेक पाय, वर ओढायचा. पाय आत घालताना तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घ्यावा, नाहीतर तोल जातो. चिकटपट्टीचा डायपर उभ्याने लावणं मला काही जमलं नाही. मागची बाजू वाकडी बसते आणि तासाभरात गळते. चादरी धुण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

शी असेल तर उभ्याने साफ होते, पण नुसतं उभं राहून नाही. तिला बुटक्या स्टुलावर दोन्ही हात टेकवून किंचित वाकायला सांगायचं. स्टुलावर चित्रांचं पुस्तक उघडून ठेवलं की ती आपोआप वाकते. पातळ शी असेल तर या फंदात पडू नये. आडवंच करावं किंवा सरळ नळाखाली न्यावं.

मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे, म्हणजे शीतले जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. मुलगा असेल तर बाहेरून स्वच्छ करणं पुरेसं असतं, शिश्नाची कातडी ओढून मागे करायची नाही.

२४ ऑगस्ट

"डायपर बदलूया का?" हा प्रश्न बंद. उत्तर "नाही" येतं आणि मग आपण ते डावलतो. म्हणजे विचारलं कशाला? सारखं असं केलं तर तिच्या "नाही"ला किंमत नसते एवढंच ती शिकेल, आणि ते मला कुठल्याच अर्थाने नकोय.

आता असं सांगतो : "डायपर बदलायचाय. उभं राहून की झोपून?" किंवा दोन हातांत दोन डायपर, "हा की हा?" बदलायचं की नाही हे आमच्याकडे, कसं ते तिच्याकडे. तीन पर्याय दिले तर गोंधळते आणि तिन्ही घेऊन पळते. दोनच.

आईला हे पटत नव्हतं. म्हणाली, "अरे, एवढ्याशा पोरीला काय विचारत बसायचं? धर आणि घाल." मी म्हटलं, "आई, धरूनच तर इतके दिवस घालत होतो, तूच बघतेस काय होतं ते." ती गप्प बसली. पण दुपारी मी कामात असताना तिने एकटीने लेकीचा पायजमा चढवला आणि आवाजसुद्धा आला नाही. कसं केलंस विचारलं तर म्हणाली, "मी कुठे घातला? तिनेच पाय दिला." पायजम्याचं तोंड उघडून धरायचं आणि खालून बोटं नाचवत विचारायचं, "पाय कुठे गेला? आजीला सापडेना!" मग पाय आपणहून बोगद्यात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने निघतो. तोंडाने काहीही म्हणत असली तरी आईच्या हातांना हे आधीपासून ठाऊक होतं. तेव्हापासून घरात सगळे असंच करतो.

२ सप्टेंबर

कपड्यांकडे वळलो. डायपरची तक्रार निम्म्याहून कमी झाली, पण डोक्यातून सदरा घालताना अजून किंकाळी येते.

कारण साधं आहे. गळा अरुंद असला की कापड तोंडावर अडकतं, डोळ्यांपुढे अंधार होतो, नाक दाबलं जातं. यावर उपाय असा : सदरा गळ्यापर्यंत पूर्ण गोळा करून दोन्ही अंगठ्यांनी गळा ताणायचा, आधी डोक्याच्या मागच्या बाजूने घालायचा आणि मग तोंडावरून उचलून पुढे आणायचा. काढताना आधी हात बाहेर, मग गळा ताणून तोंडावरून, मग मागून. तोंड झाकलं जातं तेवढ्यात "कुठे गेली?" आणि बाहेर आल्यावर "आली!" खांद्यावर एकावर एक पट्टी असलेले कपडे मिळतात, त्यांचा गळा इतका मोठा होतो की ते खाली ओढून पायांतूनही काढता येतात. शी पाठीपर्यंत गेली असेल तेव्हा याची किंमत कळते.

आता बाह्यांबद्दल. हे जपून वाचा.

बाहीत हात जात नाही म्हणून मुलाचा पंजा किंवा मनगट धरून कधीही ओढू नका. कोपराशी रेडियस नावाच्या हाडाचं डोकं एका गोल बंधाने जागेवर धरलेलं असतं. लहान मुलांत हा बंध सैल असतो. सरळ हात झटक्याने ओढला गेला तर बंध घसरून सांध्यात अडकतो. डॉक्टर याला पुल्ड एल्बो म्हणतात, आणि साधारण १ ते ४ वर्षांच्या मुलांत हे बरंच आढळतं. हात धरून उचलल्याने, पळणाऱ्या मुलाला हाताने मागे खेचल्याने आणि बाहीतून हात ओढल्यानेही होतं. मूल तो हात वापरणं बंद करतं, अंगाशी किंचित वाकवून लोंबता ठेवतं आणि हलवला की रडतं. सूज बहुधा दिसत नाही, त्यामुळे घरचे म्हणतात, नाटक करतंय. नाटक नसतं. घरी बसवायचा प्रयत्न करू नये, डॉक्टरांकडे न्यावं. जाणकार हाताने तो पटकन बसतो आणि मूल थोड्याच वेळात हात वापरू लागतं.

बरोबर पद्धत : बाही पूर्ण गोळा करायची, आपला हात बाहीच्या बाहेरच्या टोकातून आत घालायचा, मुलाचा दंड दुसऱ्या हाताने आधाराला धरायचा, आणि हात ओढण्याऐवजी कापड हातावर सरकवायचं. घट्ट बाह्यांचे कपडे सरळ बाजूला काढले.

९ सप्टेंबर

कपडे बदलायच्या वेळाच कमी केल्या. घरात कुणी हिशेब ठेवत नाही, पण उठल्यावर, आंघोळीनंतर, सांडलं म्हणून, बाहेर जायचं म्हणून, आल्यावर, झोपताना... प्रत्येक वेळी एक झटापट. यांतल्या कितीतरी वेळा गरज नसते. ओलं, मळकं किंवा हवेला न साजेसं असेल तर बदलायचं. एक डाग पडला म्हणून नाही. रात्री मऊ, सैल कपडे घालतो आणि सकाळी आंघोळीपर्यंत तेच. जेवताना मोठं ॲप्रन.

मानेमागची लेबलं कापली. एका फ्रॉकची आतली शिवण टोचत होती, तो तिने कधीच सुखाने घातला नव्हता. आम्हाला तो फार आवडायचा म्हणून पुन्हापुन्हा घालत होतो. देऊन टाकला.

१५ सप्टेंबर

शेवटची पायरी तिची.

काढायला आधी येतं, घालायला नंतर. त्यामुळे मोजे आणि टोपी काढणं पूर्ण तिच्याकडे दिलं. मोजा मी टाचेपर्यंत उतरवतो, पुढचा तिने ओढायचा. पायजमा मी गुडघ्यांपर्यंत चढवतो, तिथून वर तिने. मागची बाजू अर्धी खालीच राहते. ती मी तिच्या देखत लगेच नीट करत नाही, तिने केलेलं तिच्यासमोर उसवल्यासारखं होतं. थोड्या वेळाने कडेवर घेताना हळूच वर करतो.

याला वेळ लागतो, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. घाई असेल त्या दिवशी हे होत नाही. आम्ही सकाळचं सगळं लवकर सुरू करू लागलो. पण आधी जो वेळ रडण्यात जायचा तो आता पायजमा ओढण्यात जातो, आणि त्यानंतर पोरगी दिवसभर खुशीत असते.

२१ सप्टेंबर

सगळं विस्कटलं. कानाच्या संसर्गासाठी प्रतिजैविक सुरू झालं, पातळ शी होऊ लागली, आणि दोन दिवसांत जांघेत भडक लाली. टोपली पाहिली की पळते. उभं राहणं, निवड, गाणी, काहीच नको.

घड्यांमध्ये लाली, भोवती ठिपके. भिंतीवरच्या यादीतलंच. डॉक्टरांनी बुरशीवरचं मलम दिलं. प्रतिजैविकांनंतर असं होतं. नेहमीचे जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. मलम आधी, ते जिरल्यावर वरून झिंकचा थर. दिवसातून जमेल तेव्हा टॉवेलवर उघडी ठेवतो.

अशा दिवसांत धरावं लागतं, आणि तेही नीट शिकावं लागतं. घोटे धरून पाय उंच उचलू नयेत, नितंबांखाली तळवा घालून किंवा कुशीवर वळवून साफ करावं. पोटावर आपला हात हलकेच आडवा, दाबायचा नाही. एकच वाक्य, शांत आवाजात : "झोंबतंय ना राणी, पटकन करतात बाबाची बोटं." झालं की लगेच सोडायचं आणि जवळ घ्यायचं. समजूत काढणारी लांबलचक भाषणं रडणाऱ्या मुलाच्या कानापर्यंत पोचत नाहीत.

आणि आपलाच पारा चढला तर? मूल चटईवर सुरक्षित आहे हे बघून दुसऱ्याच्या हाती द्यायचं, किंवा दाराशी जाऊन चार श्वास घ्यायचे. उघड्या डायपरने काही होत नाही. रागावलेल्या हाताने होतं.

२९ सप्टेंबर

लाली गेली. विश्वास परत यायला त्याहून जास्त दिवस लागले. पुन्हा पहिल्यापासून : झाकण लागू दे, मग सांग, मग दोन पर्याय. या वेळी ती लवकर परतली.

३ ऑक्टोबर

पाळणाघरातल्या ताईंना विचारलं, तुमच्याकडे कशी बदलू देते? म्हणाल्या, "आमच्याकडे काहीच नाही करत. नाव घेतलं की येते." वाईट वाटलं, पण मग त्यांना बदलताना पाहिलं. तीच जागा, तोच क्रम, दर वेळी तेच शब्द, आणि शेवटी हात धुवायला नळावर. पुढे काय होणार हे तिला पाठ आहे. घरी आम्ही तिघं तीन तऱ्हांनी करत होतो. मी आधी पायजमा काढायचो, आई आधी हात पुसायची, बायको बोलत बोलत. आता एक क्रम ठरवला आणि ताईंचेच शब्द उचलले. शेवटचं हात धुणंही घेतलं. पाण्याचं नाव काढलं की ती स्वतःच घाई करते.

१४ ऑक्टोबर

ती शी करायला पडद्यामागे जाते आणि झाल्यावर डायपर ओढत माझ्याकडे येते. शौचाची सवय लावायची का, असं आईने विचारलं. अजून नाही. दोन-दोन तास कोरडी राहत नाही, चड्डी पूर्ण खाली करता येत नाही. ही तयारी बहुतेक मुलांत दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान केव्हाही दिसते, आणि ढकलून ती लवकर येत नाही. बुटकं भांडं मात्र न्हाणीघरात आणून ठेवलं. कपड्यांसकट बसते, उठते, बाहुलीला बसवते.

सध्याची स्थिती : शूचा डायपर उभ्याने, बिनतक्रार, एकट्याने होतो. शी असेल तर कधी होते, कधी भांडण. दुपारच्या झोपेतून अर्धवट उठली असेल तर अजूनही कुठलीच युक्ती चालत नाही. तेव्हा दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसतो आणि मगच टोपलीकडे वळतो. बंद गळ्याच्या स्वेटरला ती हात लावू देत नाही. पुढच्या आठवड्यात पुढून बटणांचा घालून बघणार आहे, वरची दोन बटणं तिच्यासाठी उघडी सोडून.